सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

जुनी गाडी बंद पडली की निम्मे निदान कानांनीच होते. बॅटरी उतरली असेल तर नुसते 'टक' होते, नाहीतर सेल्फ कण्हत दोन फेरे घेतो आणि थांबतो. प्लगला करंट नसेल तेव्हा मात्र इंजिन मोकळे, एका लयीत फिरत राहते. खोकत नाही, झटका देत नाही, सायलेन्सरमधून साधे 'फट्' सुद्धा नाही. जरा वेळाने पेट्रोलचा वास नाकात भरतो, आणि बघ्यांतला कोणीतरी हमखास विचारतो, "पेट्रोल आहे ना?"

आमची प्रीमियर पद्मिनी एका जुलैत, रात्रभर पाऊस पिऊन, सकाळी अशीच फिरत राहिली. तिला टोचन करून गॅरेजला नेले. तिथे काय झाले ते पुढे सांगतो. आधी या गाडीबद्दल आणि तिच्या पोटातल्या एका डबीबद्दल बोलू, कारण सगळी गोष्ट त्या डबीत आहे.

पद्मिनीचे कूळ इटलीतले. फियाटने १९५३ मध्ये ११०० ही गाडी नव्या बांध्यात आणली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती आपल्या रस्त्यांवर आली. तिच्या गोलमटोल पाठीमुळे मराठी माणसाने तिचे बारसे 'डुक्कर फियाट' असे केले, आणि हे नाव कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त टिकले. पुढे डिलाइट आली, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या नियमाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. आता उरल्या आहेत त्या आमच्यासारख्या हौशी लोकांच्या दारात.

आता ती डबी. डिस्ट्रिब्युटर. काही जुने मिस्त्री तिला अजून 'डेल्को' म्हणतात, आणि या नावात इतिहास आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने बॅटरीवर चालणारी ही इग्निशनची पद्धत बसवली, ती १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी. त्याच्या कंपनीचे नाव डेल्को. गंमत अशी की १९१२ च्या कॅडिलॅकमधला विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टरही त्याचाच. म्हणजे सेल्फ फिरतो आणि गाडी पकडत नाही, या तक्रारीची दोन्ही टोके एकाच माणसाकडे जातात.

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या जेमतेम पाऊण मिलिमीटर फटीत, तेही दाबलेल्या पेट्रोल-हवेत, ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. हे काम कॉइलचे. बंद डब्यात लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एकात जाड तारेचे काहीशे वेढे, दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे वीसेक हजार. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारे दोन छोटे संपर्क, मिटलेले असतात तेव्हा जाड तारेतून तीन-चार अँपिअर वाहतात आणि गाभ्यात चुंबकत्व साठते. ठिणगी पडते ती नंतर, पॉइंट उघडून प्रवाह तुटतो त्या क्षणी. चुंबकत्व एकदम कोसळते आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. चालू नळ फाटकन बंद केला की पाइप धाडकन वाजतो ना, तसेच काहीसे.

हे एकदा डोक्यात बसले की बाकी सगळे सोपे होते. पॉइंट मिटायलाही हवेत आणि उघडायलाही. मिटलेच नाहीत तर साठा होत नाही, उघडलेच नाहीत तर साठा मोकळा होत नाही. दोन्ही वेळा सेल्फ तसाच फिरतो, प्लग तसाच थंड. इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांना हे मिटणे-उघडणे सेकंदाला शंभर वेळा होते, आणि ते घडवून आणते चार कोपऱ्यांच्या कॅमवर घासणारी एक फायबरची टाच. टाच झिजली की पॉइंटची फट कमी होत जाते, म्हणून तिथे मटारच्या दाण्याहूनही कमी ग्रीस लागते. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवरच बसते. शेजारी बोटाच्या पेरापेक्षा लहान कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना प्रवाह हवेतून उडी मारू पाहतो, ती उडी हा पोटात घेतो. तो गेला की पॉइंट जळून काळे पडतात आणि प्लगवरची निळी, टणक आवाजाची ठिणगी पिवळी, मरगळलेली होते.

वरची काळी टोपी आणि आतला रोटर हे वाटप करणारे. कॉइलचा उच्च दाब मधल्या वायरने येतो आणि रोटर तो एक-तीन-चार-दोन या क्रमाने चार प्लगांना देतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ब्रिटनमध्ये उभी गाडी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ती निकामी करून ठेवण्याचा हुकूम निघाला, आणि लोक रोटर काढून खिशात घालून जाऊ लागले. आमचे वडीलही गावी मुक्कामाला गेले की हेच करत. एकदा तो रोटर धोब्याकडे गेला होता, पण ती वेगळी कथा.

करंट शोधताना पार्ट बदलण्याची घाई करू नये, वाट अर्ध्यावर तोडावी. टोपीत जाणारी कॉइलची मधली वायर काढा, रबरी मुठीच्या पक्कडने धरून तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. (पेट्रोल सांडलेले असेल तर हे करूच नका.) तिथे टणक ठिणगी पडली तर दोष पुढे आहे. टोपी, रोटर, प्लगच्या वायरी. पावसाळ्यात बहुतेकदा टोपीच्या आत दव धरलेले असते, कोरड्या फडक्याने पुसले की काम होते. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र टोपी बदलाच. तो कार्बनचा रस्ता आहे, पुसून जात नाही.

तिथे ठिणगी नसेल तर दोष मागे. आता एक साधा बारा व्होल्टचा बल्ब लागतो. किल्ली ऑन करून कॉइलच्या स्विचकडच्या टोकावर बल्ब पेटायला हवा. नसेल पेटत तर वायर, फ्यूज नाहीतर स्विच. पेटला तर बल्ब पॉइंटकडच्या टोकावर लावून सेल्फ मारा. तो उघडझाप करू लागला की पॉइंट आपले काम करताहेत, संशय कॉइल, कंडेन्सर नाहीतर मधल्या वायरीवर. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, बहुधा त्यांवर मळ किंवा तेल आहे. जाड व्हिजिटिंग कार्ड आत सरकवून ओढले तरी बऱ्याचदा भागते. आणि बल्ब अजिबात पेटलाच नाही, तर पॉइंटकडे जाणारी वायर कॉइलवरून काढून पुन्हा बघा. आता पेटला? मग कॉइल ठीक, बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठेतरी वायर अंगाला लागून अर्थ झाली आहे. तरीही अंधार असेल तर कॉइलची आतली तार तुटली.

एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात. म्हातारी बॅटरी सेल्फ फिरवण्यातच दमते आणि कॉइलसाठी तिच्याकडे काही उरत नाही. अशी गाडी धक्क्यावर पटकन सुरू होते, आणि मग दोष इग्निशनच्या नावावर लिहिला जातो.

तर आमची गाडी. गॅरेजने पहिल्या दिवशी पॉइंट बदलले, दुसऱ्या दिवशी कंडेन्सर, तिसऱ्या दिवशी कॉइल. चौथ्या दिवशी 'वायरिंगच खराब आहे' असे कळवले. मी गाडी ओढून घरी आणली आणि बल्ब घेऊन बसलो. स्विचकडच्या टोकावर पेटला. पॉइंटकडच्या टोकावर अंधार. वायर काढली, पेटला. टोपी उघडली. पॉइंटच्या स्क्रूवर फायबरचा एक बारीक वॉशर असतो, जो वायरचे टोक धातूच्या पाटीपासून वेगळे ठेवतो. नवे पॉइंट बसवताना तो उलट्या बाजूला गेला होता. त्यामुळे प्रवाह कायम अर्थला मिळत होता. पॉइंट उघडोत वा मिटोत, कॉइलला काही पत्ताच नव्हता. वॉशर जागेवर घातला, फट लावली, पहिल्या सेल्फला गाडी बोलली.

पण मग पहिल्या दिवशी गाडी का बंद होती? तेव्हा वॉशर जागेवरच असणार. माझ्या मते टोपीत ओल होती, आणि गॅरेजच्या पत्र्याखाली ती दुपारपर्यंत वाळलीही असेल. पहिल्याच दिवशी कोणी मधली वायर धरून ठिणगी पाहिली असती तर एका फडक्यात काम झाले असते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना पार्ट बदलायची सवय झाली आहे, कारण आताच्या गाड्यांत उघडून बघण्यासारखे थोडेच उरले आहे. पण ती सवय पॉइंटच्या गाडीवर चालवली की प्रत्येक दुरुस्ती नव्या चुकीची संधी होते.

काढून टाकलेली कॉइल मी मागून घेतली होती. मीटर लावला. जाड तारेचा रोध तीन ओहम, बारीक तारेचा सात हजारांच्या आसपास. ठणठणीत. तीच परत बसवली आहे. नवी कोरी डिकीत पडून आहे, स्टेपनीशेजारी.