पहिल्या श्लोकानंतर : लेखनाच्या आंतरिक निकडीचे स्वरूप

१

काव्यनिर्मितीची चर्चा आपल्याकडे बहुधा आदिकवीच्या कथेपासून सुरू होते. व्याधाच्या बाणाने क्रौंच पडला, क्रौंचीचा विलाप वाल्मीकींनी ऐकला आणि त्यांच्या मुखातून शापवाणी श्लोकरूपाने बाहेर पडली. शोकाचा श्लोक झाला, या सूत्रात काव्याचे मर्म आहे असे ध्वन्यालोककार आनंदवर्धनापासून आधुनिक समीक्षकांपर्यंत अनेकांनी मानले आहे. परंतु या कथेचा उत्तरार्ध फारसा विचारात घेतला जात नाही. श्लोक उच्चारल्यावर वाल्मीकींना आपल्याच उद्गाराचे आश्चर्य वाटते. स्नान करून आश्रमात परतल्यावरही तो श्लोक त्यांच्या मनातून जात नाही. पुढे ब्रह्मदेव येतो, रामचरित्र रचण्याची आज्ञा करतो आणि मग चोवीस हजार श्लोकांचा दीर्घ उद्योग आरंभिला जातो.

पहिला श्लोक शोकातून आला, हे स्पष्टीकरण समाधानकारक आहे. मात्र एका श्लोकापासून चोवीस हजार श्लोकांपर्यंतचे अंतर शोकाच्या एका क्षणाने भरून निघत नाही. लेखक लिहू का लागतो, आणि लेखक लिहीत का राहतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेखनप्रेरणेच्या चर्चेत यांपैकी पहिल्याचे उत्तर दुसऱ्यालाही लागू केले जाते आणि त्यामुळे बरीच गफलत होते. दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी जे आहे त्यास प्रस्तुत लेखात ‘आंतरिक निकड’ असे म्हटले आहे.

२

या निकडीचे स्वरूप पाहण्यापूर्वी तिच्या निकटवर्ती संकल्पना वेगळ्या कराव्या लागतात. अकराव्या शतकातील काश्मिरी शास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली : यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अनिष्टाचे निवारण, तात्काळ लाभणारा परम आनंद आणि कांतेच्या बोलण्यासारखा मधुर उपदेश. यांखेरीज शक्ती म्हणजे प्रतिभा, लोक आणि शास्त्र यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा हेतू होतो, असेही त्याने म्हटले. प्रयोजन म्हणजे काव्यापासून काय मिळते, आणि हेतू म्हणजे काव्य कशामुळे शक्य होते. पण ज्याच्याजवळ शक्ती आहे आणि ज्याला कोणतेही प्रयोजन साधावयाचे नाही, तो गप्प का बसू शकत नाही, हा प्रश्न या मांडणीच्या कक्षेबाहेर राहतो. तो मम्मटाचा दोष नव्हे. त्याचे शास्त्र काव्याचे आहे, कवीच्या चरित्राचे नाही.

आधुनिक काळातही हाच अनुभव येतो. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली आपल्या लेखनामागील कारणांचा शोध घेताना चार प्रेरणा नोंदविल्या : अहंभाव, सौंदर्याची ओढ, ऐतिहासिक सत्य टिपण्याची इच्छा आणि राजकीय हेतू. ही यादी चोख आहे. तथापि निबंधाच्या अखेरीस त्याला मान्य करावे लागले की, पुस्तक लिहिणे हे दीर्घ आजारासारखे क्लेशकारक असते आणि ज्याला आवरता येत नाही व समजूनही घेता येत नाही अशा एखाद्या पिशाच्चाने झपाटल्यावाचून कोणी ते अंगावर घेणार नाही. कारणांची यादी पूर्ण झाल्यावरही काहीतरी शिल्लक राहते. त्या शिल्लकीचा विचार करावयाचा तर कसोटीही तशीच हवी. रिल्केने १९०३ साली एका तरुण कवीला लिहिलेल्या पत्रात ती सुचविली आहे : लिहिण्याची मनाई झाली तर जगणे अशक्य होईल काय, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

रिल्केचा प्रश्न कल्पनेतला आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ही मनाई अनेकदा प्रत्यक्षात आलेली दिसते. कोठे लेखनाचा अधिकार नाकारला गेला, कोठे अक्षरच हाती नव्हते, तर कोठे घरात लिहिण्याची मोकळीक नव्हती. प्रयोजने एकेक करून काढून घेतली गेली असतानाही जे लेखन चालू राहिले, तेथे निकड तिच्या शुद्ध रूपात पाहावयास मिळते. तुकाराम, बहिणाबाई चौधरी आणि बेबी कांबळे यांची उदाहरणे या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत.

३

१६३० ते १६३२ या काळातील भीषण दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. चरित्रपरंपरेनुसार, त्यानंतर त्यांनी वडिलार्जित सावकारीच्या खतांपैकी धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. काव्यरचनेचा आरंभ ते एका स्वप्नदृष्टांताशी जोडतात. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि आपल्या संकल्पित अभंगसंख्येतील उरलेली संख्या पूर्ण करण्याचे काम त्यांनी तुकारामांवर सोपविले. वाल्मीकींच्या कथेतील ब्रह्मदेवाच्या आज्ञेशी असलेले याचे साम्य उघड आहे. दोन्हीकडे आतली निकड बाहेरून आलेल्या आज्ञेच्या रूपात प्रकट होते.

आज्ञेच्या या रूपाकडे केवळ भाविकतेची खूण म्हणून पाहणे अपुरे आहे. वेदार्थ सांगण्याचा अधिकार ज्याला समाजव्यवस्थेने नाकारला आहे, त्याने ‘मला लिहावेसे वाटले’ असे म्हणणे हा त्या व्यवस्थेच्या दृष्टीने अपराध होता. ‘मला लिहावयास सांगितले गेले’ असे म्हणताच अधिकाराचा प्रश्न मानवी व्यवस्थेच्या हातून निसटतो. बोलणारा आपण नसून बोलविता धनी वेगळा आहे, ही तुकारामांची वारंवार येणारी भूमिका एकाच वेळी नम्रतेची आणि विलक्षण धैर्याची आहे.

वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या आक्षेपानंतर अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तो प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. ज्या नदीत सावकारीची खते स्वेच्छेने सोडली, तिच्यातच आता अभंग गेले. खते बुडाल्याने तुकाराम मोकळे झाले होते. वह्या बुडाल्यावर मात्र परंपरेनुसार ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी पडून राहिले. हा शोक केवळ नष्ट झालेल्या रचनेचा नव्हता. ज्या आज्ञेवर सारी रचना उभी होती ती आज्ञाच खरी होती की भ्रम होता, हा प्रश्न आता उभा राहिला होता. वह्या तरल्या या श्रद्धेचा अर्थ, लोकांच्या मुखी असलेले अभंग टिकले, असाही अनेक अभ्यासकांनी लावला आहे. कोणताही अर्थ स्वीकारला तरी पुढची वस्तुस्थिती बदलत नाही. तुकाराम रचना करीत राहिले आणि आज गाथेत त्यांच्या नावावर सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

४

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत वह्या बुडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वहीच नव्हती. १८८० साली जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतीची कामे, जाते, चूल आणि पुढे आलेले वैधव्य या चाकोरीत खानदेशी बोलीत त्यांची गाणी रचली जात होती. पुत्र सोपानदेव चौधरी आणि एक आप्त यांनी त्यांतील काही टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः कवी असूनही मातेच्या हयातीत ही गाणी ग्रंथरूपाने आली नाहीत. १९५१ साली बहिणाबाईंचे निधन झाले आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने व प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.

मम्मटाची सहा प्रयोजने येथे लावून पाहिली तर यश आणि अर्थ ही दोन तत्काळ बाद होतात. निरक्षर शेतकरी स्त्रीला छापील कवितेच्या जगातून काही मिळेल अशी अपेक्षाही संभवत नाही. उरते ती निर्मितीच्या क्षणीची निर्वृती, आणि तीही श्रमात मिसळलेली. जात्यावर बसले म्हणजे गाणे सुचते हा अनुभव महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांचा आहे. ओवीच्या परंपरेने त्या अनुभवाला घडीव आकार दिला होता. बहिणाबाईंचे वेगळेपण असे की, त्या परंपरेच्या आकारात थांबल्या नाहीत. मन, संसार, सुगरणीचा खोपा, पेरणी, मळणी यांकडे पाहताना त्यांना जे दिसले ते पूर्वीच्या ओवीत मावण्याजोगे नव्हते. तुकारामांना आज्ञा झाली, बहिणाबाईंनी सरस्वतीला माय मानून आपल्याला तिनेच शिकविले असे सांगितले. शाळेने न दिलेला अधिकार येथेही अन्य ठिकाणाहून मिळविलेला आहे. मात्र आज्ञेतले दडपण येथे नाही. त्याऐवजी श्रमाच्या लयीशी एकरूप झालेली सहजता आहे. निकड नेहमी यातनेच्याच रूपात येते, ही रोमँटिक समजूत बहिणाबाईंच्या उदाहरणाने निराधार ठरते.

५

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यामागे सुमारे दोन दशकांचे गुप्त लेखन होते. फलटण येथे किराणा मालाचे छोटे दुकान चालविताना पुड्या बांधण्यासाठी आलेल्या रद्दीतील कागद त्या वाचीत. त्यातूनच वाचनाची आणि लेखनाची सवय लागली. लिहिलेले कागद पती व घरची मंडळी यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्या लपवून ठेवीत. फलटणमध्ये कार्य करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे हे लेखन पुढे उजेडात आले.

येथे निकडीचे तिसरे रूप दिसते, ते साक्षीचे. वीरगावच्या महारवाड्यातील जीवन, तेथील स्त्रियांचे हाल आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने घडविलेले परिवर्तन ज्यांनी पाहिले त्यांनीच ते सांगितले नाही तर ते नाहीसे होईल, ही जाणीव या लेखनाच्या मुळाशी आहे. त्यामुळे आत्मकथन असूनही त्यातील प्रथमपुरुष बहुवचनी आहे आणि हे शीर्षकातच उमटले आहे. लेखिकेचे वैवाहिक दुःख ग्रंथात जवळजवळ येत नाही. त्याविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. आंतरिक निकड म्हणजे स्वतःच्या वेदनेचा निचरा, असे मानसशास्त्रीय समीकरण मांडणाऱ्यांनी या मौनाचा विचार केला पाहिजे. येथे व्यक्तिगत वेदनेला बाजूला सारून समूहाचे जिणे पुढे येते. आत साठलेले सगळेच बाहेर पडण्यासाठी धडपडत नाही. कशाला वाट द्यावयाची याची निवड निकडीतही असते.

६

या तिन्ही उदाहरणांतून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, निकड आणि आवेग एक नव्हेत. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली. हा आवेगाचा प्रसिद्ध दाखला आहे. तथापि गुरुजींची निकड सिद्ध होते ती त्या पाच दिवसांनी नव्हे, तर त्यांच्या आयुष्यभराच्या विपुल लेखनाने. आवेग तासांत व दिवसांत मोजता येतो. निकड ही कालावधीने, आणि त्या कालावधीतील अडथळ्यांनी मोजावी लागते.

दुसरा निष्कर्ष लेखकाच्या स्वकथनासंबंधी आहे. आज्ञा, मायेची शिकवण, साक्षीचे कर्तव्य ही निकडीची कारणे नसून तिला दिलेली नावे आहेत. प्रत्येक काळ आणि प्रत्येक सामाजिक स्थान आपापले नाव पुरविते. म्हणून मुलाखतीतील वा प्रस्तावनेतील विधान जसेच्या तसे उचलून ‘लेखकाची प्रेरणा’ या मथळ्याखाली ठेवण्याची प्रबंधांत रूढ झालेली पद्धत अपुरी आहे. लेखकाने हेच नाव का निवडले, कोणत्या नकाराला उत्तर म्हणून निवडले, हे विचारल्यावाचून ते विधान बोलके होत नाही.

तिसरी गोष्ट इशाऱ्याच्या स्वरूपाची आहे. निकडीचा गुणवत्तेशी अपरिहार्य संबंध नाही. तीव्र निकडीतून सामान्य कविता लिहिणारे पुष्कळ असतात. निकड लेखकाला मेजाशी पुन्हा पुन्हा आणून बसवील, पण शब्द नेमका निवडण्याचे काम ती करीत नाही. तेथे मम्मटाची शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही त्रयीच लागते. निकडीने फार तर अभ्यासाला लागणारे सातत्य पुरविले जाते. मूल्यमापनात लेखकाच्या तळमळीचा पुरावा साहित्यकृतीच्या पुराव्याऐवजी चालणार नाही.

चौथा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. निकड आतली असली तरी तिचा माग बाहेरच्या आधारानेच उरतो. तुकारामांचे अभंग लोकांच्या मुखी होते, बहिणाबाईंची गाणी उतरून घेणारे हात घरात होते, बेबी कांबळे यांच्या कागदांना वाचणारी व्यक्ती भेटली. या आधारांपैकी एखादा नसता तर तेवढीच उत्कट निकड असूनही वाङ्मयेतिहासात तिची ओळही आली नसती. ‘खरा लेखक कोणत्याही परिस्थितीत लिहितोच’ हे वाक्य वर्गात वारंवार उच्चारले जाते आणि ऐकावयास ते उदात्त वाटते. परंतु ते केवळ टिकून राहिलेल्यांकडे पाहून केलेले विधान आहे. ज्यांच्या मुलाला अक्षर येत नव्हते अशा स्त्रिया जात्यावर काय म्हणत होत्या आणि लपविलेले कोणते कागद पुढे चुलीत गेले, याची मोजदाद कोणत्याही सूचीत नाही.

म्हणून लेखनाच्या निकडीचा अभ्यास हा केवळ थोर लेखकांच्या अंतरंगाचा अभ्यास राहू शकत नाही. ज्या गावात महाविद्यालय आहे त्या गावातील ओव्या, चोपड्या, पत्रे आणि अप्रकाशित हस्तलिखिते यांचे संकलन हाही त्याचाच भाग ठरतो. वाल्मीकींच्या कथेत याचे सूचन आधीच झालेले आहे. पहिला श्लोक ऋषींच्या मुखातून बाहेर पडला तेव्हा शिष्य भरद्वाज जवळ होता आणि त्याने तो मुखोद्गत केला. निकड आदिकवीची होती, पण पहिला श्लोक टिकला तो ऐकणारा जवळ होता म्हणून.