चक्का बिघडतो कुठे?

पाडवा आठ दिवसांवर आला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : "यंदा चक्का घरी करायचा, की विकत आणायचा?" आणि मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी बऱ्याच जणींचं उत्तर "विकतच आणू" हेच असतं. सकाळी नोकरीची घाई, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. त्यात मागे कधीतरी घरी केलेला चक्का आंबटढाण झालेला असतो. मग "आपल्या हाताला ते जमत नाही बाई," असं म्हणून आपण विषय मिटवून टाकतो.

मीही तेच म्हणत होते. एक-दोन नव्हे, चांगली बावीस वर्षं! कारण आमच्याकडे चक्क्याचं खातं सासूबाईंचं. पाडव्याला आणि दसऱ्याला, आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून घरी यायची तेव्हा स्वयंपाकघरातल्या खुंटीला पांढरं गाठोडं लटकत असायचं आणि खाली पातेल्यात टप् टप् पाणी पडत असायचं. सकाळी पुरणयंत्र फिरवायचं काम तेवढं माझं. दूध किती, विरजण किती, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी मोजलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पौषात आईंची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली. त्या गडबडीत पाडवा कधी आला ते कळलंच नाही. पण घरात थोडं सणासारखं वाटावं म्हणून मी कंबर कसली. दोन लिटर दूध तापवलं. फ्रिजमध्ये चार दिवसांचं दही होतं. लवकर लागावं म्हणून त्यातलं चांगलं वाटीभर गरमगरम दुधात घातलं. दही लागलं खरं, पण वर पाणी तरंगत होतं. तसंच फडक्यात बांधून टांगलं. सकाळी पाहते तो चक्का रवाळ आणि आंबट. साखर वाढवली, वेलदोडा वाढवला, पण आंबटपणा काही लपेना. मुलं मुकाट्यानं जेवली. हे "छान झालंय" म्हणाले, त्यावरूनच मी काय ते समजले!

आईंना चमचाभर भरवलं. त्यांनी चव घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. पाणी हवंय का? मान हलली, नाही. मग मी एकेक वस्तू आणून दाखवू लागले. साखरेचा डबा? नाही. फडकं? नाही. पातेलं? नाही. शेवटी विरजणाची वाटी आणली. त्यांनी ती नाकाशी धरायला लावली, तोंड वाकडं केलं आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच हसल्या.

त्या दिवशी मला कळलेली गोष्ट अशी : चक्का टांगताना फारसा बिघडत नाही, तो बहुतेक वेळा विरजणातच बिघडलेला असतो. फडक्यातून पाणी तेवढं निघून जातं. दही आंबट असेल तर चक्का आंबट, दही गोड असेल तर चक्का गोड. तेव्हा आपलं सगळं लक्ष हवं ते दह्याकडे.

आधी विरजण गोड करा

पाडव्याच्या तीन दिवस आधी सुरुवात करावी. अर्धी वाटी कोमट दुधात अर्धा चमचा दही घालून लावावे. ते लागले की त्यातलेच अर्धा चमचा घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा ताज्या दुधाला लावावे. अशा दोन फेऱ्या झाल्या की विरजणाचा आंबटपणा जातो नि वास ताजा येतो. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण नव्वद टक्के यश यातच आहे असं मी माझ्या अनुभवावरून सांगते.

दूध कोणते, किती?

म्हशीचे किंवा पिशवीचे फुल क्रीम दूध उत्तम. फुल क्रीम दुधात स्निग्धांश 6 टक्के असतो, टोन्डमध्ये 3 टक्के. टोन्ड दुधाचा चक्का होतो, पण कमी होतो आणि तितका मऊ होत नाही. फुल क्रीम एक लिटर दुधाचा साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का निघतो. सहा माणसांच्या श्रीखंडाला दोन लिटर दूध पुरते.

दूध नुसते उतू येईपर्यंत तापवून थांबू नये. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी दहा मिनिटे ढवळत ठेवावे. याने थोडे पाणी आटते हे तर झालेच. शिवाय उष्णतेने दुधातली काही प्रथिने एकमेकांना धरतात आणि दही घट्ट लागते. साय आली तर काढू नये, मोडून दुधातच मिसळावी.

आता दूध निवू द्या. करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले की विरजण लावायची वेळ झाली असे समजा. घरात थर्मामीटर असेल तर 40 ते 42 अंश सेल्सिअस. दूध फार गरम असले तर दही लावणारे जीवाणू दगावतात किंवा दही भराभर आंबट होऊन पाणी सोडते. फार गार असले तर दही लागतच नाही. उन्हाळ्यात लिटरला एक लहान चमचा विरजण पुरे, थंडीत दोन. विरजण आधी चमचाभर दुधात फेटून मग घालावे, म्हणजे सगळीकडे सारखे पोचते. "जास्त विरजण म्हणजे लवकर दही" हा हिशोब मी करून पाहिलाय. तुम्ही करू नका!

पातेले स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे. पितळेचे असेल तर कलई ताजी हवी, नाहीतर दही कळकलेच म्हणून समजा. एकदा झाकले की हलवू नये, उघडून पाहू नये. चैत्रात पाच-सहा तासांत दही लागते. ते जेमतेम लागले, चव अजून गोडसर आहे, तेव्हाच उचलून दोन तास फ्रिजमध्ये ठेवावे. गार दही नीट धरून राहते आणि पुढे आंबत नाही.

फडके आणि गाठोडे

जुन्या मऊ धोतराचे किंवा मलमलचे फडके सर्वांत चांगले. नवे कापड असेल तर उकळून त्याची खळ काढून टाकावी. साबणाचा किंवा सुवासिक पावडरीचा वास चक्क्याला हटकून लागतो, म्हणून वापरण्यापूर्वी फडके नुसत्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे. फडके ओले करून घट्ट पिळावे, चाळणीवर पसरावे आणि दही डावाने हलकेच त्यात सोडावे. फेटायचे नाही, ढवळायचे नाही.

अर्धा तास चाळणीतच ठेवून मोकळे पाणी निघून गेले की चारी टोके बांधून टांगावे. लगेच वर वजन ठेवायची घाई करू नये. दाबाने पाण्याबरोबर चक्काही फडक्यातून बाहेर येतो. दोन-अडीच तासांनी एकदा गाठोडे उघडून कडेचा घट्ट झालेला चक्का मध्ये आणि मधला कडेला घ्यावा, म्हणजे सगळा सारखा होतो. ही युक्ती फार कमी जणींना ठाऊक असते.

उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगून ठेवू नये. आपल्या आयांच्या वेळी फ्रिज नव्हते, म्हणून त्या पहाटे उठून गाठोडे उतरवत. आपण तीन-चार तास टांगावे आणि मग गाठोडे चाळणीत, चाळणी पातेल्यावर, असे सगळे रात्री झाकून फ्रिजमध्ये ठेवून द्यावे. सकाळी फडके उलगडताच चक्का गोळ्यासारखा सुटून येतो. बोटाचा ठसा उमटून तसाच राहिला की झाला.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी वेळापत्रक असे : आदल्या दिवशी सकाळी नऊला विरजण, दुपारी तीनला दही फ्रिजमध्ये, संध्याकाळी सहाला फडक्यात, रात्री दहाला पुन्हा फ्रिजमध्ये. दुपारी तीनला घरी कोण असेल त्याला सांगून ठेवावे. आमच्याकडे चिरंजीव हे काम करतात. मुलग्यांना का येऊ नये?

काही चुकलेच तर

चक्का फार कोरडा झाला तर दोन चमचे गार दूध किंवा साय घालून पुरणयंत्रातून काढावा. सैल राहिला तर आणखी दोन तास टांगावा. साखर घातल्यावर तो आणखी पातळ होणार हे लक्षात ठेवावे. थोडा आंबट झाला असेल तर गार पाणी घालून हलकेच मिसळावा आणि पुन्हा टांगावा. आंबटपणा काहीसा उतरतो, चवही जरा उतरते. फारच आंबट असेल तर श्रीखंडाचा हट्ट सोडावा. साखरेने आंबटपणा झाकत नाही, हे मी दीड वाटी साखर घालवून शिकले आहे. एरवी चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर पुरते.

खालचे पाणी फेकू नका

पातेल्यात साठलेल्या पाण्यावर हिरवट झाक दिसते, तिला घाबरू नका. ते बी-2 जीवनसत्त्व. चक्क्यात स्निग्धांश आणि मुख्य प्रथिने राहतात. पाण्यात दुधातली साखर, क्षार आणि आंबटपणामुळे सुटलेले बरेचसे कॅल्शियम उतरते. या पाण्यात कणीक किंवा थालीपिठाचे पीठ भिजवावे, बेसन लावून कढी करावी, ढोकळ्याचे पीठ भिजवावे. दोन दिवसांत संपवावे.

चक्का फक्त सणाचा नव्हे

आता आईंकडे परत येते. दुखण्यानंतर त्यांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागायचा. पाणी, ताक, सूप जपून द्या, घट्ट आणि मऊसर खाणं चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज द्यायचं तरी काय? खिमट आणि शिरा यांचा त्यांना कंटाळा आला होता. त्या पाडव्यानंतर मी दर दोन दिवसांनी अर्ध्या लिटरचा चक्का करू लागले. वाटीभर चक्क्यात चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची बारीक पूड, बस्स. (तुमच्याकडे असा रुग्ण असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.) घरातल्या इतरांसाठी त्यातच कोथिंबीर आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. थालीपिठाबरोबर लोण्याच्या जागी वाढून पाहा!

नवल म्हणजे लेबनॉन-सीरियाकडे असाच खारा चक्का रोजच्या न्याहारीला असतो. त्याला ते 'लबने' म्हणतात आणि वर ऑलिव्ह तेल घालून रोटीशी खातात. आपण मात्र चक्क्याला वर्षातले दोनच दिवस नेमून दिलेत. झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर तो तीन-चार दिवस चांगला राहतो, मुलांच्या डब्यातल्या पोळीलाही लावता येतो.

गेल्या दसऱ्याला मी पुन्हा श्रीखंड केलं. आईंना पहिला चमचा भरवला आणि परीक्षेला बसल्यासारखी समोर उभी राहिले. त्यांनी चव घेतली, काही खूण केली नाही. नुसतं पुन्हा तोंड उघडलं. मला प्रमाणपत्र मिळालं!

पण एक रुखरुख राहिलीच. बावीस वर्षं त्या बोलू शकत होत्या, तेव्हा मी विचारलं नाही. चक्क्याचं खूणेनं तरी कळलं. त्यांच्या लोणच्यांचं, मसाल्यांचं आता कोण सांगणार? तुमच्या घरी आई असेल, सासूबाई असतील, शेजारच्या आजी असतील, तर या पाडव्याला विरजणाची वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसा. "हे बरोबर आहे का हो?" एवढंच विचारा. चक्का तर चांगला होईलच, आणि त्यांनाही बरं वाटेल.