स्वमग्न मूल, दिनक्रमातील बदल आणि मेल्टडाउन

प्रस्तावना

ठरलेली बस आली नाही, वर्गाची खोली बदलली, घरी अचानक पाहुणे आले. अशा वेळी आपली थोडी चिडचिड होते आणि आपण पुढच्या कामाला लागतो. काही मुलांना मात्र एवढ्या बदलानंतर स्वतःला सावरता येत नाही. ती जमिनीवर पडून ओरडतात, कान दाबून धरतात, डोके आपटतात, स्वतःचा हात चावतात. बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो. स्वमग्न मुलांच्या बाबतीत असे का होते, त्या वेळी घरच्यांनी काय करायचे आणि बदलाची तयारी कशी करून घ्यायची, हे या टिपणात पाहू.

मी डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि अकरा वर्षांच्या स्वमग्न मुलीचा बाप आहे. घरगुती उदाहरणे त्या अनुभवातली आहेत. वाचकांपैकी कोणी अशा मुलाची ताई किंवा दादा असेल, कोणी उद्या शिक्षक होईल. बसमध्ये अशा मुलाच्या शेजारच्या सीटवर तर आपल्यापैकी कोणीही असू शकतो.

१. स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. मेंदूची जडणघडण लहानपणापासून वेगळ्या रीतीने होते आणि तो वेगळेपणा आयुष्यभर राहतो. सोव्हिएत रशियातील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले होते. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांविषयी निबंध लिहिला. या मुलांच्या दोन गोष्टी कॅनर यांना ठळकपणे जाणवल्या. एक म्हणजे इतरांपासून अलिप्त राहणे आणि दुसरी म्हणजे सगळे जसेच्या तसे राहावे हा तीव्र आग्रह.

२०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेची लक्षणे दोन गटांत मांडली आहेत. पहिला गट सामाजिक संवादातील अडचणींचा आहे. दुसऱ्या गटात ठरावीक वर्तनाची पुनरावृत्ती, दिनक्रमाचा आग्रह, मोजक्या विषयांत खोल रस आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जास्त किंवा कमी संवेदना येते. कॅनर यांना दिसलेला आग्रह अशा प्रकारे आजही निदानाचा भाग आहे. काही स्वमग्न व्यक्ती अस्खलित बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत. म्हणून या स्थितीला ‘स्पेक्ट्रम’ म्हणतात.

२. दिनक्रमाला एवढे महत्त्व का

आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. दाराची बेल वाजली की कोण असेल, बस वळली की पुढचा थांबा कोणता, हे आधीच्या अनुभवावरून त्याला ठाऊक असते. त्यामुळे येणाऱ्या माहितीतील बराचसा भाग आपण नकळत सोडून देतो आणि नवीन असेल तेवढ्याकडेच लक्ष देतो.

स्वमग्न व्यक्तींमध्ये आधीच्या अनुभवाचे हे वजन कमी पडत असावे, असा विचार एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ मध्ये मांडला. हे एक गृहीतक आहे, त्यावर अजून संशोधन चालू आहे. पण घरात दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यातून समजतात. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची लुकलुक, शर्टाच्या कॉलरवरचे लेबल यांकडे आपले लक्ष जात नाही. मुलासाठी मात्र ते प्रत्येक वेळी नव्याने हजर असते. अशा गजबजाटात रोजचा ठरलेला क्रम हाच आधार असतो. पुढे काय होणार ते माहीत असेल तर निदान तेवढा भार कमी होतो. म्हणून ‘रोज तीच वाटी कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे की बाकी काहीच तेच राहत नाही.

३. हट्ट आणि मेल्टडाउन यांतील फरक

हट्टामागे मागणी असते. मूल समोरच्याकडे पाहत राहते, मागणी पुरी झाली की शांत होते आणि बघणारे कोणी नसेल तर बहुधा आटोपते घेते. मेल्टडाउनमध्ये मुलाचा ताबा सुटलेला असतो. हवी असलेली वस्तू दिली तरी ते थांबत नाही, कोणी पाहते आहे की नाही याने फरक पडत नाही, स्वतःला लागले तरी भान नसते आणि ओसरल्यावर मूल थकून जाते. काही मुले ओरडण्याऐवजी गप्प होतात, कोपऱ्यात जातात, हाक मारली तरी उत्तर देत नाहीत. याला शटडाउन म्हणतात. त्यात आवाज नसल्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही, पण ताण तेवढाच असतो. प्रत्यक्षात या सीमारेषा नेहमी इतक्या स्वच्छ नसतात आणि हट्टाने सुरू झालेली गोष्ट मेल्टडाउनपर्यंत जाऊ शकते.

माझ्या विषयातले उदाहरण देतो. घरातल्या एमसीबीमध्ये एक द्विधातू पट्टी असते. क्षमतेपेक्षा थोडा जास्त प्रवाह बराच वेळ वाहत राहिला की ती तापून वाकते आणि स्विच पडतो. शेवटी सुरू केलेली इस्त्री हे फक्त निमित्त असते, गिझर आणि ओव्हन आधीपासून चालू असतात. मुलाच्या बाबतीतही सकाळची अपुरी झोप, शाळेतला गोंगाट, बदललेली बाई असे साठत जाते आणि संध्याकाळी बिस्किटाचा तुकडा पडला एवढ्यावरून स्फोट होतो. घरचे बिस्किटाचे कारण शोधत बसतात. दुसरे साम्य असे की पट्टी थंड झाल्याशिवाय स्विच वर ढकलून उपयोग नसतो. उदाहरण इथपर्यंतच घ्यावे. एमसीबीला भीती वाटत नाही आणि आपण काय बोललो ते तो लक्षात ठेवत नाही. मुलाच्या बाबतीत दोन्ही घडते.

४. मेल्टडाउनच्या वेळी काय करावे

या वेळी शिकवणे शक्य नसते. दोनच कामे असतात: इजा होऊ न देणे आणि भार कमी करणे.

• आजूबाजूच्या कडक व टोकदार वस्तू बाजूला कराव्यात. डोके आपटत असेल तर मध्ये उशी किंवा दप्तर ठेवावे.
• टीव्ही, मिक्सर, शक्य असेल तर दिवाही बंद करावा. जमलेल्या माणसांना दूर जायला सांगावे.
• एकाच मोठ्या माणसाने जवळ थांबावे. शब्द कमी आणि तेच ठेवावेत, जसे ‘मी इथे आहे.’ प्रश्न विचारू नयेत, समजावू नये.
• काही मुलांना घट्ट मिठीने बरे वाटते, काहींना स्पर्शच सहन होत नाही. आपल्या मुलाला काय चालते ते शांत वेळी जाणून घ्यावे. रस्त्यावर धावत सुटण्यासारखा धोका असेल तरच धरावे.
• मारू नये, धमकी देऊ नये. ताबा सुटलेल्या मुलाला त्यातून ताबा मिळत नाही, फक्त भीतीची भर पडते.

ओसरल्यावर पाणी द्यावे आणि विश्रांती घेऊ द्यावी. लगेच ‘असं का केलंस?’ विचारू नये, माफीही मागायला लावू नये. बोलायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशी, चित्र काढून किंवा मोजक्या शब्दांत बोलावे.

अशा प्रसंगांची संख्या अचानक वाढली तर आधी शारीरिक कारण तपासावे. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता हे कमी बोलणाऱ्या मुलाला सांगता येत नाही. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाणही जास्त असते. त्यामुळे शुद्ध हरपणे किंवा शरीराला झटके येणे असे काही दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.

५. बदलाची तयारी

घरात काहीही बदलू द्यायचे नाही, हा उपाय टिकत नाही. शाळा सुटते, माणसे गावाला जातात, रस्ते खणले जातात. मुलाला खरे तर पुढचे माहीत असण्याची गरज असते आणि बदल होत असतानाही ते माहीत करून देता येते. या टिपणातील हा मुख्य मुद्दा आहे.

यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे चित्रांचे वेळापत्रक. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी उभ्या केलेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने ही पद्धत रुजवली. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र समोर राहते. ब्रश, आंघोळ, नाश्ता, शाळा अशी चित्रे किंवा फोटो ओळीने लावायचे आणि काम झाले की कार्ड काढायचे. लहान मुलासाठी ‘आधी – मग’ अशी दोनच कार्डेही पुरतात: आधी केस कापणे, मग झोका. या संचात ‘बदल’ असे एक कार्ड सुरुवातीपासून ठेवावे आणि ते आधी आनंदाच्या बदलांसाठी वापरावे, उदाहरणार्थ पोळीऐवजी डोसा. नाहीतर ते कार्ड म्हणजे वाईट बातमी, असे मुलाच्या मनात बसते.

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीसाठी तीन दिवस बंद राहणार, अशी सूचना लागली होती. शाळेला निघताना लिफ्टचे बटण माझी मुलगीच दाबते. तिच्या आईने एका कागदावर चार चौकोन काढले. तीन चौकोनांत लिफ्टवर फुली आणि जिन्याचा फोटो, चौथ्यात पुन्हा लिफ्ट. जुन्या क्रमावर परतणे हाही बदलच असतो, म्हणून चौथा चौकोन. आदल्या संध्याकाळी आम्ही तिच्याबरोबर जिना एकदा उतरलो. बटणाच्या बदल्यात तिला खाली गेल्यावर स्कूटरचा हॉर्न एकदा वाजवायचे काम दिले. पहिल्या सकाळी ती लिफ्टच्या दारापाशी रडली आणि शाळेला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी तिने कागद दारापाशी नेला, चौकोनावर स्वतः फुली मारली आणि जिना उतरली. तयारीमुळे रडणे टळतेच असे नाही, पण त्यातून बाहेर यायची वाट मुलाच्या हातात राहते.

६. अचानक आलेला बदल

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर लॉकडाउन जाहीर झाला आणि मध्यरात्रीपासून लागू झाला. शाळा आधीच बंद झाल्या होत्या, आता बागही बंद झाली. आधी २१ दिवस सांगितले गेले, मग मुदत वाढत गेली. अशा वेळी खोटी तारीख सांगू नये. ‘शाळा कधी उघडणार ते माहीत नाही’ असे सांगावे आणि माहीत असलेल्या गोष्टी दाखवाव्यात: चारला दूध, पाचला गच्ची, रविवारी आजीचा फोन. मोठा क्रम मोडला तरी छोटे क्रम टिकवता येतात.

एक वही ठेवणेही उपयोगी पडते. प्रत्येक प्रसंगाविषयी तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. पहिल्या रकान्यात त्या दिवसाची झोप, जेवण आणि गोंगाटही नोंदवावा. काही आठवड्यांत आकृतिबंध दिसू लागतो, जसे मेल्टडाउन बहुतेक सोमवारी किंवा लग्नघरातून आल्यावर होतात. मग तेवढी वेळ आधीच हलकी ठेवता येते.

७. पालक आणि भोवतालचा समाज

विसाव्या शतकाच्या मध्यात आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे मानले जात असे. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात याच मताचा प्रसार केला. त्याआधीच, १९६४ मध्ये, स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी कारण जैविक असल्याचे मांडले होते. १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर यांच्या जुळ्या मुलांवरील अभ्यासाने आनुवंशिकतेकडे निर्देश केला. शास्त्राने ते मत सोडले, पण बसमधल्या लोकांनी अजून सोडलेले नाही. ‘दोन ठेवून द्या, गप्प बसेल’ हे वाक्य मी बसमध्येही ऐकले आहे आणि समारंभातही. ते ऐकून पालक मुलाला बाहेर नेणे कमी करतात. बाहेर जाणे कमी झाले की प्रत्येक बाहेर जाणे हा मोठा बदल ठरतो.

इथे तुमचा संबंध येतो. असा प्रसंग दिसला तर टक लावून पाहू नका, मोबाइलवर चित्रण करू नका. जागा मोकळी करा, मोठ्याने लावलेले गाणे बंद करा आणि पालकांना एकदाच विचारा, ‘काही मदत हवी आहे का?’ नको म्हणाले तर बाजूला व्हा. घरात असे भावंड असेल तर आईबाबांना आठवड्यातून एक तास मोकळा करून द्या. थकलेल्या माणसाला शांत आवाज काढणे अवघड जाते.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता येते. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, असे हा कायदा सांगतो. वर्गखोली बदलणार असल्याची आगाऊ सूचना किंवा शांत बसायला एक कोपरा मागताना पालकांना आणि विद्यार्थ्यांना या तरतुदीचा आधार घेता येतो.

सारांश

मेल्टडाउन हा शिस्तीपेक्षा क्षमतेचा प्रश्न आहे. त्या क्षणी भार कमी करायचा, शिकवायचे ते आधी आणि नंतर. बदल थांबवता येत नाहीत, पण बहुतेक बदल आधी दाखवता येतात. जे दाखवता येत नाहीत, त्यांच्या काळात छोटे क्रम जपायचे.

स्वाध्याय

१. हट्ट आणि मेल्टडाउन यांतील तीन फरक उदाहरणांसह लिहा.
२. जुन्या दिनक्रमावर परतणे हाही बदल का मानावा?
३. तुमच्या महाविद्यालयात परीक्षेची खोली ऐनवेळी बदलली, असे समजा. एका स्वमग्न विद्यार्थ्यासाठी कोणती सोय करता येईल?
४. तुमच्या गावातील एखाद्या सणाच्या दिवसासाठी चित्रांचे वेळापत्रक तयार करा. त्यात ‘बदल’ कार्ड कुठे ठेवाल ते सकारण सांगा.