खोडावरची नोटीस वाचली का?

गणेशखिंड रस्त्यावरून रोज जाणाऱ्या पुणेकराला वडाच्या पारंब्यांची सावली चांगलीच ओळखीची. रुंदीकरणात इथल्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड येऊ लागली, तेव्हा नागरिक थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले.

कायदाही नागरिकांच्या हाती बरंच काही देतो. शहरी झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावरच नोटीस लावावी लागते. खोडावर डकवलेला असा कागद दिसला, की लगेच फोटो काढावा, जागा आणि झाडाचा क्रमांक टिपून घ्यावा आणि मुदतीच्या आत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्यावी. पोहोच घ्यायला विसरू नये.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा दिला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावणंही बंधनकारक केलं. म्हणजे ८० वर्षांच्या एका वडामागे ८०!

आणि रस्ता वळवताही येतो. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड वाचवण्यासाठी २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत बदल झाला.