हात न फिरवलेले पुस्तक

इतिहासाच्या पुस्तकात वाचकाला हवे असते तरी काय? सनावळ्या खासच नव्हेत! विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' घ्या ना. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ मध्ये घरून निघाला, आणि सापडला बंडाच्या वणव्यात. झाशीचा वेढा त्याने शहरातच राहून सोसला; लुटला गेला, तरी गंगेची कावड घेऊन परतला. हे पुस्तक १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापले, पण हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढले. आमच्या कपाटात दोन्ही आहेत. सुबक म्हणाल तर पहिले. पण पाने सुटली आहेत ती दुसऱ्याची!