शेवटच्या युनिटाची किंमत

विजेच्या काटकसरीचा विषय निघाला की खोलीबाहेर पडताना दिवा मालवावा, हा उपदेश ठरलेलाच. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एलईडी दिवे स्वस्तात घरोघर पोचविले. साठ वॅटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॅटचा दिवा करू लागला आणि बिलातील दिव्यांचा वाटा आक्रसला. पंखा मात्र जुनाच राहिला. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. रोज बारा तास फिरल्यास महिन्याला त्याची २७ युनिटे होतात. ‘बीएलडीसी’ जातीचा २८ वॅटचा पंखा तेवढेच काम दहा युनिटांत करतो. म्हणजे तीन पंख्यांमागे सुमारे ५१ युनिटांची बचत.

या ५१ युनिटांचे मोल समजण्यासाठी बिलाची रचना ध्यानी घेतली पाहिजे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून बराच चढा, आणि पुढे आणखी चढा, अशा पायऱ्या आहेत. शंभरी ओलांडली म्हणजे सारेच बिल चढ्या दराने होते, हा समज खरा नव्हे. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. म्हणूनच बचत होते ती नेहमी सर्वांत महाग युनिटांची. दीडशे युनिटे वापरणारे कुटुंब नव्या पंख्यांमुळे ९९ वर आले, तर महागडी पायरीच टळते.

हीच पायऱ्यांची रचना गरिबाच्या मुळावर कशी येते, हे पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोरसारख्या गावात दिसावे. तेल कंपन्यांचे डेपो, राजबागेतील शिक्षणसंकुल आणि पुण्याची जवळीक यांमुळे अशा गावांत भाड्याच्या खोल्यांना मागणी असते. पाच खोल्यांना मिळून एकच मीटर असेल आणि प्रत्येकाचा वापर ६० युनिटांचा असेल, तर एकूण ३०० युनिटांपैकी २०० चढ्या दरात जातात. स्वतंत्र मीटर असते, तर एकही गेले नसते. प्रत्येक मीटरचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, हे खरे. तरीही हिशेब बहुधा भाडेकरूच्याच बाजूने झुकेल. एक दिवा आणि एक पंखा वापरणारा विद्यार्थी वा कामगार अशा रीतीने बंगल्याच्या दराने वीज घेतो.

त्यात आणखी एक मेख आहे. पंखा घेतो घरमालक, बिल भरतो भाडेकरू. जवळपास दुप्पट किमतीचा पंखा मालकाने का घ्यावा? आणि उद्या खोली सोडणाऱ्याने तरी तो का घ्यावा? १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे झाले. परंतु ज्याला बिल भरायचे त्याच्या हाती निवडच नसेल, तर त्या तारकांचा त्याला काय उपयोग?

२००३ च्या वीज कायद्याचे ४३ वे कलम मालकाबरोबरच जागेत राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागण्याचा अधिकार देते. व्यवहारात मात्र मालकाच्या संमतीवाचून अर्ज पुढे सरकणे अवघड जाते. भाडेकराराचे कागद पुरेसे मानून जोडणी सुलभ करणे आणि भाडेपत्रात मीटरचा उल्लेख करण्याची प्रथा रुजविणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत. काटकसरीचा उपदेश करण्यापूर्वी, काटकसर केल्याचा लाभ ती करणाराच्या पदरात पडेल, एवढी व्यवस्था समाजाने केली पाहिजे.