एकच यंत्र, परस्परविरोधी मते : होम थिएटर रिसीव्हर आणि त्याचे मालक

एका घरी आणलेला सराउंड साउंड रिसीव्हर मालकास पूर्ण समाधान देतो; त्याच कारखान्याचा व त्याच नमुन्याचा रिसीव्हर दुसऱ्या घरी गेला की पैसे पाण्यात गेल्याची तक्रार ऐकू येते. खरेदी करू पाहणाऱ्या गृहस्थाने या दोन मतांपैकी कोणते प्रमाण मानावे? प्रश्न क्षुल्लक नाही. नोकरदार कुटुंबाच्या एखाद्या महिन्याच्या प्राप्तीइतकी रक्कम त्यात गुंतते. नांदेड किंवा लातूर येथे त्या विशिष्ट यंत्राच्या दुरुस्तीची सोय नसल्यास ते दूरच्या शहरी धाडावे लागते, आणि पुष्कळदा ते तेथून 'दोष आढळला नाही' अशा शेऱ्यासह परत येते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मालकाचे मत हे एकट्या यंत्राविषयीचे मत नसते. यंत्र, खोली, ऋतुमान, वीज आणि ऐकावयाची कृती या पाचांच्या संयोगाविषयी ते असते. ही पाच अंगे वेगळी काढल्यावाचून त्या मताचा अर्थ लागत नाही.

प्रथम यंत्राचे कार्य पाहू. रिसीव्हर चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणातील निरनिराळे प्रवाह वेगळे करतो, त्यांची शक्ती वाढवतो आणि प्रत्येक प्रवाह त्याच्या ध्वनिवर्धकाकडे पाठवतो. '५.१' या संज्ञेत डावा, उजवा, मधला आणि भोवतालचे दोन असे पाच ध्वनिवर्धक व खर्जासाठी एक स्वतंत्र ध्वनिवर्धक अभिप्रेत असतो. डॉल्बी डिजिटल ही अशा प्रकारची पद्धती १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहांत आली. ती घडविणाऱ्या संस्थेचे संस्थापक रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. त्यांनी १९६५ साली लंडन येथे आपली संस्था स्थापन केली. फितीवरील खरखर कमी करणे हा त्यांचा पहिला प्रसिद्ध शोध होय. आपल्याकडे मात्र 'डॉल्बी' हा शब्द मिरवणुकीतील प्रचंड ध्वनिवर्धकांना लागला आहे. मोठा आवाज म्हणजेच उत्तम आवाज ही समजूत त्यात दडलेली आहे आणि मालकांच्या कित्येक मतांचे मूळही तेथेच आहे.

सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार अशी : 'गाणी व हाणामारी दणदणीत, पण पात्रे काय बोलतात ते कळत नाही.' घरातील वृद्ध माणसांस तर हा दोष विशेष जाणवतो. येथे खोलीचा विचार प्राप्त होतो. ध्वनी थांबल्यावरही भिंतींवरून परतणारे तरंग काही काळ खोलीत रेंगाळतात, त्यास निनाद म्हणतात. निनाद दीर्घ असला की एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर चढते आणि शब्द पुसट होतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजत नसे. १८९५ साली वॉलेस सॅबाईन यांच्याकडे त्याचा तपास सोपविण्यात आला. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून त्यांनी त्या कमीअधिक प्रमाणात मांडल्या व प्रत्येक वेळी निनादाचा काळ मोजला. त्यातून निघालेला नियम असा : खोलीचे घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत येते.

हा नियम आपल्या घरास लावून पाहू. बैठकीची खोली ४.५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे असे समजू. तिचे घनफळ सुमारे ४७ घनमीटर आणि सर्व पृष्ठांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस मीटर. गिलाव्याच्या भिंती, काँक्रीटचे छत व गुळगुळीत फरशी आपल्यावर पडणाऱ्या ध्वनीपैकी जेमतेम शेकडा ३ शोषतात असे धरल्यास एकूण शोषण २.४ येते आणि निनाद ३ सेकंदांहून अधिक टिकतो. अशा खोलीत कितीही मूल्यवान यंत्र ठेवले तरी संवाद स्पष्ट होणार नाहीत. आता त्याच खोलीत चार माणसे बसली, जाड पडदे व सतरंजी आली, गादीची बैठक व पुस्तकांनी भरलेले कपाट आले, आणि या सर्वांनी मिळून शोषणात १२ ची भर घातली, तर निनाद अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरतो. यंत्रातील एक खिळाही न हलवता मालकाचे मत पालटण्यास एवढे पुरेसे आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. येथील जुनी माळवदाची घरे जाड दगडमातीच्या भिंतींची असत. कोनाडे, उघड्या तुळया व मातीचा खडबडीत गिलावा यांमुळे ध्वनी विखुरला जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. दगडमातीच्या भिंती व मातीची जड छपरे कोसळणे हे त्या संहाराचे प्रमुख कारण होते. त्यानंतर लोकांचा ओढा सिमेंट-काँक्रीटच्या घरांकडे वाढला, आणि तो सर्वथा योग्यच होता. परंतु अशी खोली उघडी ठेवली तर ती ध्वनीस कठोर असते. तिला मऊ वस्तूंची जोड द्यावी लागते.

दुसरी तक्रार खर्जाविषयी असते. एक म्हणतो, 'खर्ज फार घुमतो'. दुसरा म्हणतो, 'खर्ज लागतच नाही.' ही दोन्ही मते एकाच खोलीत खरी असू शकतात. ४.५ मीटर लांबीच्या खोलीत दर सेकंदास सुमारे ३८ कंपनांचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग उभा करतो. भिंतीलगत त्याचा दाब अत्यधिक असतो, तर लांबीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. त्यामुळे भिंतीशी टेकलेल्या आजोबांस धडधड असह्य होते आणि मध्यभागी बसलेल्या नातवास तीच ऐकू येत नाही. बैठक किंवा खर्जाचा ध्वनिवर्धक हात-दोन हात सरकवून पाहणे हा यावरील पहिला व बिनखर्चाचा उपाय होय.

तिसरे मत 'मागचे ध्वनिवर्धक मुके आहेत' असे असते. येथे ऐकावयाची कृती पाहिली पाहिजे. 'श्यामची आई' (१९५३) हा चित्रपट एकाच ध्वनिप्रवाहाच्या काळातील आहे. असे मुद्रण सभोवार-ध्वनीच्या योजनेतून वाजविले असता रिसीव्हर त्यातील जवळजवळ सर्व ध्वनी मधल्या ध्वनिवर्धकाकडे पाठवतो. यंत्र त्या वेळी आपले काम अचूक करीत असते. जे मुद्रणातच नाही ते मागून कोठून येणार?

चौथा गट ऋतुमानाचा आहे. वैशाखात येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते. बंद कपाटात ठेवलेल्या रिसीव्हरची स्वतःची उष्णता बाहेर पडण्यास वाव राहत नाही आणि त्यातील संरक्षक योजना यंत्र बंद करते. 'तासाभराने आपोआप बंद पडतो' या मताचे कारण पुष्कळदा एवढेच असते. वर व मागे वीतभर मोकळी जागा ठेवल्यास तक्रार बहुधा मिटते. त्याच दिवसांत खोलीत कूलर चालू असतो. त्याचा सततचा घोष मानवी आवाजातील सूक्ष्म व्यंजने झाकून टाकतो. मालक मग एकूण आवाज वाढवितो आणि हाणामारीचे प्रसंग असह्य होतात. अशा वेळी केवळ मधल्या ध्वनिवर्धकाची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढविणे अधिक उपयोगी पडते. पौषात लिहिलेले मत व वैशाखात लिहिलेले मत यांत अंतर पडते ते यामुळे.

विजेस दिला जाणारा दोष मात्र तपासून घ्यावा. विजेचा दाब २३० व्होल्टवरून शेकडा १० ने उतरला आणि यंत्राची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटली असे मानले, तरी ती शेकडा १९ नेच कमी होते. ही घट एका डेसिबलहूनही कमी असल्याने कानास क्वचितच जाणवेल. आवाज दबका येण्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे. विजेचा खरा धोका दाबाच्या आकस्मिक उसळीत असतो. वॅटांच्या आकड्यांविषयीही हाच विवेक हवा. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबलची वाढ होते. आवाज दुप्पट मोठा भासण्यास शक्ती सुमारे दसपट लागते. शिवाय जाहिरातीतील आकडा कित्येकदा एक किंवा दोनच प्रवाह चालू असतानाचा असतो.

आता मते गोळा करण्याच्या पद्धतीविषयी. ज्याचे यंत्र बिघडले तो बोलतो आणि ज्याचे सुरळीत चालते तो बहुधा गप्प राहतो. याउलट नुकतीच मोठी रक्कम मोजलेला मालक आपल्या निवडीचे समर्थन करीत असतो. ही दोन्ही ओढ लक्षात घेतल्यावाचून मतांची नुसती बेरीज करणे अशास्त्रीय ठरेल. या बाबतीत आपल्याच राज्यातील एक जुना प्रयोग मार्गदर्शक आहे. १९५६ साली आकाशवाणी व युनेस्को यांनी पुणे आणि शेजारच्या जिल्ह्यांतील गावांत शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळे चालविली. त्यांचे मूल्यमापन करताना मंडळ असलेल्या गावांची तुलना मंडळ नसलेल्या गावांशी करण्यात आली आणि श्रोत्यांस कार्यक्रमांच्या आधी व नंतरही प्रश्न विचारण्यात आले. त्यामुळे यंत्राचा परिणाम कोणता व चर्चेचा परिणाम कोणता, हे वेगळे करता आले.

रिसीव्हरच्या मालकासही हीच कसोटी लावावी. खोली केवढी आहे व तीत मऊ वस्तू किती आहेत, यंत्र उघड्यावर आहे की कपाटात, आपण कोठे बसता, काय ऐकता, आणि यंत्र किती काळ वापरले, हे पाच प्रश्न विचारल्यावर मिळालेले मत विचारात घेण्याजोगे असते. शक्य असल्यास तोच रिसीव्हर एक दिवस दुसऱ्या घरी नेऊन तोच प्रसंग ऐकावा. तक्रार यंत्राबरोबर गेली तर दोष यंत्राचा; ती मूळ खोलीतच राहिली, तर नवे यंत्र घेण्यापूर्वी एक जाड पडदा लावून पाहणे शहाणपणाचे होईल.